सरमेचा मुलगा आणि आपले घर

कुत्र्याचे पिल्लू घरी आणायचे ठरले की मराठी मध्यमवर्गीय घरात सर्वप्रथम जी गोष्ट घडते ती म्हणजे खरेदी. गळ्यातला पट्टा, साखळी, स्टीलची दोन भांडी, हाडाच्या आकाराचे रबरी खेळणे, नावाचा बिल्ला (नाव बहुधा इंग्रजी, मराठी घरांतून कुत्र्यांशी इंग्रजीत बोलण्याची चाल कशी पडली हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे) आणि एक गुबगुबीत गादी. एवढे झाले की घर तयार झाले, असा समज असतो. पिल्लू येते, गादीकडे ढुंकूनही न पाहता मोरीपाशी पायपुसण्यावर झोपते, तिसऱ्या दिवशी कोल्हापुरी चप्पल कुरतडते, चौथ्या दिवशी दिवाणखान्यातल्या सतरंजीवर ओले करते, आणि पाचव्या दिवशी गुंडाळी केलेल्या वर्तमानपत्राचा फटका खाते. पुढे 'याला वळण कसे लावावे' ही चर्चा सुरू होते.

आमचे म्हणणे असे की वळणाची चर्चा येथे पाच दिवस उशिरा सुरू झालेली असते, आणि तीही चुकीच्या प्राण्याविषयी.

मराठीत कुत्रा 'पाळला' जातो. हेच क्रियापद आपण शब्दाला लावतो, वेळेला लावतो, पथ्याला लावतो, सुतकालासुद्धा लावतो. शब्द पाळणारा माणूस शब्दाला बांधून ठेवत नाही, तो स्वतःला बांधून घेतो. पथ्य पाळणाऱ्याचीही तीच गत. कुत्र्याच्या बाबतीत मात्र हे क्रियापद उलटे फिरवून साखळीचे दुसरे टोक आपण त्याच्या गळ्यात अडकवले आहे, आणि 'पाळलेला' म्हणजे 'आपले ऐकणारा' असा अर्थ रूढ करून टाकला आहे.

महाभारताच्या आदिपर्वात, मुख्य कथा सुरू होण्याच्याही आधी, एका कुत्र्याची हकीकत येते. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे दीर्घसत्र चालू असते. तेथे सरमेचा मुलगा, म्हणजे देवांच्या कुत्रीचे पिल्लू, येऊन पोहोचते. जनमेजयाचे तिघे भाऊ, श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन, त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. आई प्रथम त्यालाच विचारते, की तू नक्कीच काहीतरी आगळीक केली असशील. पिल्लू सांगते, मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याच्याकडे पाहिलेदेखील नाही. मग सरमा यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते. तिघांपैकी एकालाही उत्तर देता येत नाही, आणि ती शाप देते, की ज्या अर्थी निरपराध्याला मारलेत त्या अर्थी अदृष्ट भय तुमच्यावर येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दारातच ही गोष्ट का ठेवली असेल यावर जाणकारांनी लिहावे. आमचे लक्ष जाते ते त्या यज्ञमंडपाकडे. हवी उघड्यावर, मंडप चहूबाजूंनी मोकळा, दाराशी कोणी नाही. आणि पिल्लू आत आले की तीन क्षत्रिय काठ्या घेऊन सज्ज. गुन्हा घडण्याची सगळी सोय आपण करून ठेवायची आणि शिक्षा मात्र जन्माला येऊन दोन महिने झालेल्या जिवाला द्यायची, ही व्यवस्था फार जुनी आहे. घर तयार करणे याचा आम्हांला समजलेला अर्थ एवढाच, की पिल्लाने ज्यासाठी मार खावा अशी गोष्ट त्याच्या तोंडाच्या टप्प्यात उरू नये.

हा टप्पा समजून घेण्यासाठी घरातल्या कर्त्या माणसाने एकदा फरशीवर पालथे पडून घर पाहावे. हास्यास्पद वाटेल, पण दुसरा उपाय नाही. उभ्या माणसाला घर म्हणजे भिंती, खिडक्या आणि टीव्ही दिसतो. वीतभर उंचीवरून दिसतात त्या वायरी. टीव्हीमागच्या, फ्रिजमागच्या, आणि एक टोक बटणात अडकवून दुसरे टोक पलंगावरून लोंबत ठेवलेल्या मोबाईलच्या चार्जरच्या. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी बेचाळीस पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि जे सापडेल ते चावले जाते. त्यात द्वेष नसतो, सूड नसतो, 'आम्ही बाहेर गेलो म्हणून त्याने मुद्दाम केले' असे तर मुळीच नसते. चप्पल उचलून कपाटात ठेवणे हे माणसाच्या हातातले काम आहे, आणि दारात चपलांचा ढीग लावण्याची आपली पिढीजात सवय मोडणे पिल्लाच्या सवयी मोडण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे, असा आमचा अनुभव आहे.

चप्पल फुकट गेली तर दोनशे रुपये जातात. खरी भीती वेगळ्या वस्तूंची आहे, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आपल्याला इतक्या ओळखीच्या आहेत की त्या आपल्याला दिसतच नाहीत. कपाटाच्या तळाशी साड्यांत ठेवलेल्या डांबरगोळ्या. मोरीतली फिनेलची बाटली. ओट्याखाली उंदरांसाठी टाकलेली निळी-हिरवी वडी, जी रक्त गोठू देत नाही आणि जिचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात. तोवर वडी खाल्ल्याचे सगळे विसरलेले असतात. आजोबांच्या उशाशी असलेल्या गोळ्या: माणसाला उतार देणारी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पिल्लाला जिवावर बेतू शकते, आणि अंग गरम लागले म्हणून प्रेमाने घरचीच अर्धी गोळी देणारे लोक आम्ही पाहिले आहेत. गॅलरीतल्या कुंड्याही तपासाव्यात. पूजेसाठी लावलेली कण्हेर आणि बिट्टी या दोन्ही हृदयावर घात करतात. शोभेचा सायकस यकृतावर घात करतो. मनी प्लांट आणि डिफेनबेकिया यांनी तोंडाची आग होते, लाळ गळते; जीव सहसा जात नाही, पण पिल्लाचे हाल होतात.

खाण्याच्या बाबतीत तर आपले प्रेमच घातक. नामदेवांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, ही कथा ज्या समाजाने शतकानुशतके सांगितली त्याला ताटातला घास कुत्र्याला देऊ नये हे पटवणे कठीण. तरी सांगितले पाहिजे. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की आमटीत शिजलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात आणि प्रसाद नाकारू नये असा आपला संस्कार असतो. चॉकलेटातले थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीराला लवकर बाहेर टाकता येत नाही. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये असलेले झायलिटॉल रक्तातली साखर एकदम उतरवते. म्हणून पिल्लू येण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला, आणि येणाऱ्याजाणाऱ्या आत्या-मावश्यांनाही, हे सांगून ठेवलेले बरे. पिल्लू आल्यावर सांगितले तर तो त्यांना अपमान वाटतो.

जागेविषयी थोडेसे. जुन्या घरांत शहाबादी फरशी असे. तिच्यावर पाय ठरत. आजच्या चकचकीत फरशीवर पिल्लाचे चारही पाय चार दिशांना जातात, आणि मोठ्या चणीच्या जातींच्या वाढत्या सांध्यांना ते बरे नव्हे. जुन्या सतरंज्या, गोणपाट, फाटके बेडशीट, जे असेल ते त्याच्या वावरण्याच्या वाटेवर अंथरावे. विकतच्या गादीहून हे उपयोगी. गॅलरीच्या गजांतून पिल्लाचे डोके जाते काय हे पाहावे. डोके गेले की अंगही जाते. तेथे तारेची जाळी हवी. जिन्याच्या तोंडाशी फळी हवी.

रात्रीचा प्रश्न मात्र फळ्या आणि जाळ्यांनी सुटत नाही. आईच्या आणि भावंडांच्या उबेतून उचलून आणलेले पिल्लू पहिल्या रात्री रडते. 'रडू द्या, नाहीतर सवय लागेल' हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो, आणि तो देणाऱ्यांत अनुभवी माणसेही असतात. आम्हांला तो मान्य नाही. सवय लागायचीच तर ती या घरात रडल्यावर कोणीतरी येते याची लागावी. पहिले आठ-दहा दिवस त्याची टोपली आपल्या अंथरुणाजवळ असली आणि हात खाली सोडता आला तर पुष्कळ होते. टोपली पुढे हळूहळू दूर नेता येते.

शी-शूच्या बाबतीत एवढेच ध्यानात घ्यावे, की दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-अडीच तासांहून जास्त वेळ धरून ठेवणे शरीरानेच शक्य नसते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यावे, तेथे झाले की कौतुक करावे. चुकीच्या जागी झाले तर पुसावे. नाक घासण्याची प्रथा आजही घराघरांत आहे. तिच्यातून पिल्लू एकच गोष्ट शिकते, ती म्हणजे माणसासमोर हे करणे धोक्याचे. मग ते पलंगाखाली जाऊन करते, आणि त्याला लबाड म्हटले जाते.

यानंतर येते ती खरी पेचाची गोष्ट. पशुवैद्य सांगतात, लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर नेऊ नका. यात तथ्य आहे. पार्व्हो हा १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला विषाणू; रक्ताचे जुलाब आणि उलट्या होऊन दोन-चार दिवसांत पिल्लू दगावते. हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनेलने मरत नाही, त्याला ब्लीचच लागते. लस एकदा देऊन भागत नाही, कारण आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीलाच निष्प्रभ करते आणि ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या बार हार्बर येथील प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर अनेक वर्षे काम करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून हे स्पष्ट झाले, की पिल्लाला जग आपले वाटू लागण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा असतो. या काळात जे दिसले, ऐकू आले, हुंगायला मिळाले, त्याची भीती पुढे बेताची राहते. जे भेटलेच नाही ते जन्मभर संशयास्पद ठरते. म्हणजे सोळा आठवडे घरात कोंडले तर विषाणूपासून वाचते, पण दार बंद झाल्यावर बाहेर पडते. अनोळखी माणसांवर धावून जाणारी, फटाक्यांच्या आवाजाने पलंगाखाली थरथरणारी, डॉक्टरांना हात लावू न देणारी कितीतरी कुत्री अशी घडतात, आणि मग त्यांना 'स्वभावाने तापट' म्हटले जाते. या पेचाचे भान पशुवैद्यकालाही आहे: पशुवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली भूमिका घेतली, की पहिल्या लसीनंतर निदान सात दिवस जाऊ द्यावेत आणि मग सर्व लसी पूर्ण होण्याची वाट न पाहता, काळजी घेऊन, पिल्लाला जगाची ओळख करून द्यावी.

आपल्याकडे ही काळजी कशी घ्यावी? रस्त्यावरच्या मातीत पाय टेकू न देता. पिल्लाला कडेवर घेऊन फाटकाशी उभे राहावे. रिक्षा, घंटागाडी, भाजीवाल्याची आरोळी, शाळा सुटल्यावरची मुलांची झुंड, रेनकोट घातलेला माणूस, काठी टेकत चाललेले आजोबा, बुरखा घेतलेली बाई, दाढीवाला पोस्टमन, हे सारे त्याने आपल्या छातीशी सुरक्षित असताना पाहावे. घरात कुकरची शिट्टी आणि मिक्सरचा आवाज आधी दुसऱ्या खोलीतून, मग जवळून. ढोलताशांच्या सरावाचा आवाज दुरून येत असेल तर त्याच वेळी त्याला खाऊ द्यावा. रोज दहा मिनिटांचे हे काम आहे, पण ते या सहा-सात आठवड्यांतच करावे लागते. गळ्यातला पट्टा नंतर केव्हाही विकत घेता येतो.

घर तयार करायचे म्हणजे घरातली माणसेही तयार करायची. आजीच्या सोवळ्यावर हसण्याची पद्धत आहे. भिंतीवरच्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्री चालतात आणि स्वयंपाकघरात एक चालत नाही, हा विनोद जुना झाला. परंतु आजीच्या हरकतीत तथ्यही आहे. बहुतेक पिल्लांना जंत आईच्या पोटातूनच येतात आणि ते माणसांच्या लहान मुलांनाही बाधू शकतात. जंताचे औषध वेळेवर देणे, हात धुणे आणि स्वयंपाकघराच्या दाराशी लाकडी अडसर लावणे यांत आजी आणि पशुवैद्य यांचे एकमत आहे. आधी विचारले तर आजीच तो अडसर सुचवते.

जिला कोणीच विचारत नाही ती व्यक्ती वेगळी आहे. धुणेभांडी, केरफरशी करायला येणाऱ्या मावशींना पिल्लाची बातमी ते आल्यावर कळते. फरशी दिवसातून तीनदा पुसावी लागणार, केस झाडावे लागणार, आणि पायांत घुटमळणाऱ्या, पायघोळ साडीचा काठ ओढणाऱ्या पिल्लाला सांभाळत बादली उचलावी लागणार, हे सगळे पूर्वीच्याच पगारात गृहीत धरलेले असते. त्यांना कुत्र्याची भीती आहे काय, कधी चावले आहे काय, हे विचारण्याची गरज कोणाला भासत नाही. प्राण्यांविषयी कणव बाळगणाऱ्या घरांत हे घडते हे आम्हांला विशेष लागते. पगार वाढवावा, आणि त्याआधी विचारावे. त्या नाही म्हणाल्या तर फरशी कोण पुसणार हे ठरवल्याशिवाय पिल्लू आणू नये.

मुलाच्या दहाव्या वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू आणणाऱ्यांनी साधा हिशोब करावा. कुत्रा दहा ते पंधरा वर्षे जगतो. मुलगा अठराव्या वर्षी शिकायला दुसऱ्या गावी, मग कदाचित दुसऱ्या देशी जातो. उरलेली वर्षे साखळी कोणाच्या हातात असणार ते उघड आहे, आणि ज्यांच्या हातात असणार त्यांची गुडघेदुखी तोवर सुरू झालेली असते. सोसायटीच्या सभेत होणारी कुरकुरही आधीच धरून चालावे. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा ठेवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. पण जिन्यात पडलेली शी उचलण्याचे कर्तव्यही मालकाचेच. नियमाचा कागद नाचवणाऱ्यांपेक्षा हातात जुने वर्तमानपत्र घेऊन फिरणाऱ्यांचे शेजाऱ्यांशी अधिक जमते, असे आम्ही पाहतो.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम एकदा वाचण्यासारखे आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, सतत बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणे, सबळ कारणावाचून त्याला सोडून देणे, हे सारे त्यात गुन्हे म्हणून लिहिले आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला गेला तो दहा ते पन्नास रुपये. सरमेचा शाप याहून कडक होता.

आता, कोणते पिल्लू? २००३ साली हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत एक पग लहान मुलामागून चालला आणि पाहता पाहता देशभर पगांना मागणी आली. चेपलेल्या नाकाच्या त्या जातीला उन्हाळ्यात श्वास पुरत नाही, हे जाहिरातीत दिसण्याचे कारण नव्हते. पुढे बर्फाळ प्रदेशातले हस्की पुण्या-नागपुरात आले. ज्या प्राण्यासाठी घर चोवीस तास थंड ठेवावे लागते त्याच्यासाठी आपले घर कधीच तयार नसते, मग गादी कितीही महाग असो. या हवेत हजारो वर्षे राहिलेले गावठी पिल्लू गल्लीच्या तोंडाशी असते. त्याची लस, जंताचे औषध आणि पुढे नसबंदी केली की त्याला आपल्या घराशी जुळवून घ्यायला फारसे काही लागत नाही.

विकत घेणारच असाल, तर पिल्लाचे वय विचारा. कुत्र्यांच्या पैदाशीविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. तरीही पस्तीस-चाळीस दिवसांचे पिल्लू 'आत्ताच घेऊन जा, लहान असतानाच लळा लागतो' म्हणून हातात ठेवले जाते. लहान पिल्लू गोंडस दिसते आणि लवकर खपते, एवढेच त्यामागचे कारण. आईजवळच्या त्या शेवटच्या तीन आठवड्यांत ते भावंडांना जोरात चावले की खेळ थांबतो हे शिकते, आणि तो धडा माणसाला पुढे नीट देता येत नाही. तेव्हा पसंत पडले तर सांगून ठेवावे, आठवडे मोजावेत, आणि दिवाळी व गणपती टाळून, घरातल्या एकाला तरी आठ दिवस रजा मिळेल असा दिवस धरावा. तोवर गॅलरीच्या जाळीचे माप घेऊन ठेवायला हरकत नाही.